नाव नको, प्रवास पाहा

कराड-सांगलीकडचा माणूस विमानाने कुठे जातो? आखातात नोकरीला, हज-उमऱ्याला, नाहीतर परदेशातल्या लेकीच्या बाळंतपणाला. तिकीट काढताना एजंट संगणकात नाव, फोन नंबर, पैसे कसे दिले, सोबत कोण, आसन कोणते हे भरतो. या नोंदीला पीएनआर म्हणतात. तिकिटावर ती सहा अक्षरांएवढीच दिसते. तिच्यामागे मात्र प्रवाशाची कुंडली असते.

केंद्र सरकारने ८ ऑगस्ट २०२२ रोजी त्याबाबत नियम काढले. परदेशी ये-जा करणाऱ्या विमान कंपन्यांनी ही माहिती उड्डाणाच्या चोवीस तास आधी कस्टम्स खात्याला द्यायची. ती पाच वर्षे ठेवता येते. इतर तपास यंत्रणांना, परदेशी सरकारांनाही देता येते. हे केवळ आपल्याकडचे खूळ नव्हे. अतिरेक्यांचा प्रवास रोखण्यासाठी प्रत्येक देशाने अशी व्यवस्था उभारावी, असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २०१७ मध्ये केला आहे.

माझा या व्यवस्थेला विरोध नाही. मुंबईवरचा २००८ चा हल्ला आपण कोणीच विसरलेलो नाही. त्याआधी डेव्हिड हेडली नावाचा अमेरिकन नागरिक मुंबईत वारंवार येऊन ताजसारख्या ठिकाणांची टेहळणी करून गेला होता. त्याचे मूळ नाव दाऊद गिलानी. संशय येऊ नये म्हणून २००६ मध्ये त्याने रीतसर नाव बदलून घेतले आणि नव्या पासपोर्टवर तो निर्धास्त फिरला. २००९ मध्ये अमेरिकी अधिकाऱ्यांच्या हाती 'डेव्हिड' हे पहिले नाव आणि प्रवासाचे काही धागेदोरे एवढेच आले. त्यांनी प्रवाशांच्या नोंदी चाळल्या आणि माणूस ओळखला. त्या ऑक्टोबरात शिकागोच्या विमानतळावर त्याला अटक झाली.

यातला धडा मला मोलाचा वाटतो. नावाने त्याला लपवले, प्रवासाने उघडे पाडले.

आता उलट बाजू पाहा. २३ ऑगस्ट २००६ रोजी ॲमस्टरडॅमहून मुंबईला निघालेले विमान वाटेतून माघारी फिरले. सोबतीला लढाऊ विमाने. काही प्रवाशांचे वागणे आणि त्यांची मोबाइलशी चाललेली चाळवाचाळव कर्मचाऱ्यांना संशयास्पद वाटली होती. बारा भारतीयांना अटक झाली. दुसऱ्याच दिवशी त्यांना सोडून दिले. कटाचा मागमूसही नव्हता. तिथे पीएनआरचा प्रश्न नव्हता, पाहणाऱ्याच्या नजरेचा होता. तीच नजर उद्या संगणकात शिरली तर?

आपल्या नियमांत एक चांगले कलम आहे: प्रवाशाचा धर्म, वंश, राजकीय मते उघड होतील अशा प्रकारे ही माहिती हाताळायची नाही. पण शेख, मुल्ला, मुजावर, बागवान ही आडनावे वाचली की धर्म वेगळा लिहावा लागत नाही. प्रवाशाने विशेष जेवण मागितले, तर तेही नोंदीत राहू शकते. शिवाय आपल्याकडे एकाच नावाची माणसे किती! कराडच्या बाजारात 'पाटील' म्हणून हाक मारा, निम्मा बाजार वळून पाहील. मोहम्मद शेखांचेही तसेच. यादीतला एक शेख शोधताना भलतेच चार शेख बाकावर बसवले, तर त्यांचे विमान सुटते, आखातातली नोकरी लांबते, आणि खरा गुन्हेगार डेव्हिड होऊन पुढे निघून जातो.

युरोपीय संघाच्या न्यायालयाने २१ जून २०२२ रोजी याच विषयावर निकाल दिला. ज्यांच्याविरुद्ध काहीही आढळलेले नाही अशांची माहिती सहा महिन्यांपलीकडे ठेवू नये. संगणकाने बोट दाखवले तरी आधी माणसाने स्वतः तपासावे, असे न्यायालयाने बजावले. आपणही एवढे मागायला हरकत नाही. त्यात एक भर घालावी: चुकून अडवलेल्या माणसाला त्याचे कारण समजावे, आणि चुकीची नोंद एकदा दुरुस्त केली की पुढच्या प्रवासात तिने पुन्हा डोके वर काढू नये.

कवी म्हणून शब्दांशी माझा रोजचा संबंध आहे. नाव हा आई-वडिलांनी दिलेला पहिला शब्द. तो आपण कमावलेला नसतो. माणूस कुठे गेला, कोणाला भेटला, काय घेऊन आला, हे मात्र त्याचे स्वतःचे असते. सरकारने त्याचा हिशेब जरूर मागावा. तो द्यायला आमची ना नाही.