तारेच्या पाठीवरचे ओझे



ज्या व्यासपीठावर साहित्य आणि इतिहास यांवर विद्वान बोलतात, तेथे आम्ही विजेच्या तारेची जाडी हा विषय घेऊन उभे राहिलो, याचे कोणास हसू आले तर आम्ही राग मानणार नाही. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कामगारांच्या सभांत जास्त झाले. पण ऊस, विहिरी आणि मोटारी यांच्या या मुलखात तारेशी ज्याचा संबंध येत नाही, असे घर उरलेले नाही.

हमालाच्या पाठीवर ओझे किती द्यावे, यासाठी आमच्या चळवळीला फार भांडावे लागले. महाराष्ट्रात माथाडी कामगारांचा कायदा झाला तो १९६९ साली. तारेलाही अशीच पाठ असते. हमाल निदान ‘आता पुरे’ म्हणतो. तार बोलत नाही, ती तापते.

का तापते? विजेचा प्रवाह, तिचा दाब आणि तारेचा अडथळा यांचा हिशेब गेओर्ग ओम या जर्मन शिक्षकाने १८२७ साली पुस्तकात मांडला. त्याचा बाप कुलपे करणारा कारागीर. स्वतःच्या बळावर शिकून त्याने मुलाला गणित शिकवले, हे वाचून आम्हांस कोण आनंद झाला होता! पुढे १८४० च्या सुमारास इंग्लंडातल्या जूलने दाखवले की, प्रवाह दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते. सगळी गोम या चौपटीत आहे. ‘थोडा जास्त भार पडला तर काय बिघडते?’ असे म्हणणारा माणूस ती विसरतो.

जुने वायरमन ‘तीन-बावीस’, ‘सात-वीस’ म्हणत. तीन-बावीस म्हणजे २२ गेजच्या तीन तारा. त्यात गंमत अशी की गेजचा आकडा मोठा, तितकी तार बारीक. आता हिशेब सरळ आहे: दीड, अडीच, चार हे तांब्याच्या छेदाचे चौरस मिलिमीटर. नळीतून दोन तारा नेल्या असतील तर दीडच्या तारेने साधारण १४ अँपिअर, अडीचच्या तारेने १९ आणि चारच्या तारेने २६ च्या आसपास वाहावेत. तांबे वाढते त्या प्रमाणात अँपिअर वाढत नाहीत, कारण जाड तारेला उष्णता बाहेर टाकायला त्या मानाने पृष्ठभाग कमी मिळतो. एकाच नळीत सहा-आठ तारा कोंबल्या किंवा वर पत्रा तापत असला, तर हे आकडेही कमी धरावेत. घरातल्या उपकरणांसाठी हजार वॅटमागे साडेचार अँपिअर मोजा. दोन हजार वॅटचा गिझर सुमारे नऊ अँपिअर घेतो. त्याच तारेवर इस्त्री आणि पाण्याची मोटार जोडली की दीडची तार घामाघूम झालीच.

आता फ्यूज. पुष्कळांची समजूत अशी की, फ्यूज यंत्राला वाचवतो. त्याचे पहिले काम तारेला वाचवण्याचे आहे. तारेला सोसणार नाही इतका प्रवाह येण्यापूर्वी त्याने वितळावे, एवढ्यासाठी तो आहे. फ्यूज सारखा उडतो म्हणून आपण त्यात तांब्याची जाड तार बांधतो, आणि वितळण्याचे काम भिंतीतल्या तारेकडे सोपवतो. हे करायला सांगणारा मालक असतो, बांधणारा हेल्पर पोरगा असतो. आग लागली की बोट मात्र त्या पोराकडे दाखवले जाते! मालकाचा हुकूम तोंडी असतो. त्याची नोंद कोठेच सापडत नाही.

शेतावरचा प्रश्न वेगळा आहे. तीन फेजची पाच हॉर्सपॉवरची मोटार सुमारे आठ अँपिअर घेते. अडीचच्या तारेला हे ओझे जड नाही. पण मीटरपेटीपासून विहीर तीनशे मीटर लांब असली, तर ४१५ व्होल्टपैकी तीसएक व्होल्ट वाटेतच खर्च होतात. चारच्या तारेत हाच तोटा वीसच्या घरात येतो. तार अॅल्युमिनियमची असेल तर त्याच जाडीत अडथळा दीडपटीहून जास्त. एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या की दाब आधीच उतरलेला असतो. त्यातून आणखी तीस गेले की मोटार तेच पाणी उपसायला जास्त प्रवाह ओढते, तापते, आणि एके रात्री जळते. दोष कंपनीला, नाही तर नशिबाला! मोटार भरून आणायला पैसे पुन्हा मोजावे लागतात आणि तेवढे दिवस ऊस वाळतो.

म्हणून आमचे मालकांना आणि वायरमन बंधूंना एवढेच मागणे आहे. तार घेताना तिच्या अंगावर छापलेला आय.एस.आय.चा शिक्का आणि आकार वाचावा. बिलावर आकार, लांबी आणि कितीचा फ्यूज बसवला हे लिहून घ्यावे. फ्यूज बदलायला कोणी तोंडी सांगितले, तर वायरमनने तेही त्याच कागदावर लिहून मालकाची सही मागावी. सही मागताच बहुतेक मालक जाड तार आणायला तयार होतात, असा आमचा अनुभव आहे.