सूर्यकिरण : बीदरच्या आकाशातली कवायत
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘तुझ्या क्षेत्राबद्दल काहीतरी बोल’ असं सांगितलं होतं. माझं क्षेत्र सॉफ्टवेअर. त्या विषयावर सध्या प्रत्येकाच्या मोबाइलवर रोज चार व्हिडिओ येऊन पडतात, त्यात माझी भर नको. म्हणून मी विमानांबद्दल बोलणार आहे. हवाई दलात मी नव्हते, आमच्या घरातही कुणी नव्हतं. पण आपण ज्या वर्षी दहावी झालो, त्याच १९९६ मध्ये आपल्या उदगीरच्या शेजारी, बीदरच्या हवाई तळावर ‘सूर्यकिरण’ हे हवाई दलाचं कसरतींचं पथक सुरू झालं. म्हणजे ते आपल्याच बॅचचं.

त्याआधी ‘थंडरबोल्ट्स’ नावाचं पथक होतं. १९८२ साली, हवाई दलाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी ते निघालं आणि हंटर विमानं उडवायचं. सूर्यकिरणने घेतली ती किरण मार्क टू, हिंदुस्तान एरोनॉटिक्सने आपल्याकडेच बनवलेली शिकाऊ जेट. सुरुवात थोड्या विमानांनी झाली आणि दोनेक वर्षांत ती नऊ झाली. विंग कमांडर कुलदीप मलिक हे पहिले प्रमुख.

१९९८ ला मी इंजिनिअरिंगला बीदरला गेले. खोलीच्या गच्चीवरून ती विमानं दिसायची. पहिल्या आठवड्यात मी धावत वर जायची. घरमालकीण पापड वाळत घालता घालता मान वर न करता म्हणायच्या, “आली बघ तुझी विमानं.” महिनाभरात माझीही सवय झाली, आणि सवय झाल्यावरच खरं काय ते दिसायला लागलं. नऊच्या नऊ विमानं क्वचितच दिसायची. बहुतेक दिवस दोन, नाहीतर तीन, नाहीतर चार. तेच वळण, तोच गिरका, पुन्हा तेच. नवा वैमानिक आला की आधी दोघांत, मग तिघांत, आधी उंचावर, मग हळूहळू खाली, अशीच त्याची तयारी करतात. टीव्हीवर आपण वीस मिनिटांचा कार्यक्रम बघतो. बीदरकरांनी त्याचा गृहपाठ बघितला.

त्या विमानांमधलं अंतर पाच मीटरपेक्षाही कमी असतं. आता आपले विज्ञानाचे सर समोर बसलेत म्हणून थोडं गणित. ताशी ५०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १३९ मीटर. त्या वेगाने पाच मीटर कापायला ०.०३६ सेकंद लागतात, डोळ्याची पापणीही तेवढ्यात मिटत नाही. ऐकणाऱ्याला घाबरवायला हा आकडा छान आहे, पण तो फसवा आहे. सरांनी आगगाडीचं उदाहरण देऊन सापेक्ष वेग शिकवला होता. शेजारची गाडी त्याच वेगाने त्याच दिशेला जात असेल तर ती उभीच आहे असं वाटतं. शेजारचं विमान तसंच, जवळजवळ स्थिर. ते सेकंदाला एक मीटर जरी सरकायला लागलं तरी सावरायला पाच सेकंद मिळतात. धोका वेगाचा कमी आणि त्या हळूच सरकण्याकडे लक्ष नसण्याचा जास्त. समोरासमोरून येऊन एकमेकांना ओलांडणारी दोन विमानं मात्र वेगळी गोष्ट. तिथे वेगांची बेरीज होते, आणि एक किलोमीटरचं अंतर साडेतीन सेकंदांत संपतं.

आता माझ्या मते यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. कडेचा वैमानिक पुढे बघतच नाही. तो आपल्या शेजारच्या विमानावरच्या दोन ठरावीक खुणा एका रेषेत धरून ठेवतो. जमीन कुठे आहे, आकाश कुठे आहे, हे बघण्याची जबाबदारी त्याने पुढच्यावर टाकलेली असते. विमानं उलटी झाली तरी त्याच्यापुरतं जग म्हणजे ती रेषा. आणि ज्याच्या भरवशावर हे चालतं, तो पुढचा, म्हणजे लीडर, स्वतःच्या इंजिनाची पूर्ण ताकद वापरत नाही. का? आपली पंधरा ऑगस्टची कवायत आठवा. रांग वळताना आतला जागेवर पाय आपटायचा आणि टोकाचा धापा टाकत पळायचा. (मी उंच असल्यामुळे कायम टोकालाच असायची, मला चांगलं आठवतं.) आकाशातही तसंच. गिरकी घेताना कडेच्या विमानाला जास्त लांबचा रस्ता कापावा लागतो. लीडरने सगळा जोर लावला तर कडेच्याकडे रस्ता भरून काढायला काही शिल्लकच राहणार नाही. म्हणून लीडर हात राखून उडतो आणि झटका न देता वळतो. खालून बघताना आपल्याला वाटतं, पुढे आहे तो सगळ्यात जोरात असेल.

मी गेली काही वर्षं पंधरा-वीस जणांच्या टीमचं काम बघते. हुशार माणूस पुढे बसवला की टीम आपोआप वेगाने जाते, असं वाटणारे वरिष्ठ मी भरपूर पाहिलेत. त्यांना मी हे विमानांचं उदाहरण देते. ते हसतात, आणि पुढच्या तिमाहीत पुन्हा तेच करतात.

दुसरी शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे उड्डाणानंतरची बैठक. सरावाचं जमिनीवरून चित्रीकरण होतं आणि उतरल्यावर सगळे मिळून ते बघतात. कोण किती सरकला, कुठे उशीर झाला, लीडरचं वळण कुठे कडक झालं, सगळं बोललं जातं. त्या खोलीत हुद्द्याचा मान राखून गप्प बसणं धोक्याचं, कारण उद्या पुन्हा त्याच पाच मीटरवर उडायचं असतं.

फेब्रुवारी २०११ मध्ये बंगळुरूच्या एरो इंडियानंतर हे पथक थांबवलं. प्राथमिक प्रशिक्षणाची एचपीटी-३२ विमानं २००९ च्या अपघातानंतर जमिनीवर बसवली होती, आणि नव्या वैमानिकांना शिकवायला किरण विमानं कमी पडत होती. आमच्या ग्रुपवर तेव्हा हळहळ झाली. मला तो निर्णय बरोबर वाटला, आजही वाटतो. विमानं मोजकी असतील तर आधी शिकणाऱ्यांना. २०१५ मध्ये पथक परत आलं, हॉक विमानं घेऊन. सुरुवात पुन्हा चार विमानांनी, आणि हळूहळू पुन्हा नऊ. किरणमध्ये दोन वैमानिक शेजारी शेजारी बसायचे, हॉकमध्ये एकामागे एक बसतात. २०२३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याआधी अहमदाबादच्या मैदानावरून गेली ती हीच. मॅचचं दुःख बाजूला ठेवा, विमानं तरी नीट गेली.

आता जे बोलायला अवघड आहे ते. मार्च २००६ मध्ये बीदरजवळ या पथकाचे दोन वैमानिक सरावात गेले. जानेवारी २००९ मध्ये तिथेच विंग कमांडर धालीवाल गेले. १९ फेब्रुवारी २०१९ ला, एरो इंडियाच्या आदल्या दिवशी, येलहंक्याला सरावात दोन हॉक एकमेकांवर आदळली. विंग कमांडर साहिल गांधी गेले, बाकीचे दोघे बाहेर पडून वाचले. त्या रात्री आपल्याच ग्रुपवर एकाने विचारलं होतं, “शत्रू नाही, युद्ध नाही, मग लोकांच्या टाळ्यांसाठी माणसं का घालवायची?” मी तेव्हा उत्तर दिलं नाही. आज तो मित्र तिसऱ्या रांगेत बसलाय, म्हणून देते.

टाळ्यांसाठी माणसं जाऊ नयेत, हे मला पूर्ण मान्य. पण हे लोक जे करतात ते वेगळं कौशल्य नाही. एकमेकांजवळ राहून उडणं हे प्रत्येक लढाऊ वैमानिकाला शिकावं लागतं. ते किती अचूक होऊ शकतं हे दाखवणारं एक पथक असावं, असं मला वाटतं. फक्त ‘अजून खाली, अजून जवळ’ ही मागणी प्रेक्षकांनी करू नये. जानेवारी २०२४ ला मरीन ड्राइव्हवर माझ्या शेजारचा मुलगा, “पप्पा, अजून खाली का नाही येत?” असं विचारत होता. त्याचे वडील म्हणाले, “येतील, येतील.” मला ते आवडलं नाही. लहान मुलाला खरं उत्तर समजतं.

मुलींबद्दल एक सांगते. मी त्या गच्चीवर उभी असायची तेव्हा मुलीला लढाऊ वैमानिक होण्याची वाटच नव्हती. वाहतुकीच्या विमानांवर आणि हेलिकॉप्टरवर घेत, लढाऊ विमानांवर नाही. पहिल्या तिघी, अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग, २०१६ मध्ये झाल्या. तोपर्यंत माझी पस्तिशी उलटली होती. मला वैमानिक व्हायचं होतं असं मी म्हणणार नाही. व्हायचं आहे का, हे मला कधी कुणी विचारलं नाही, मीही स्वतःला विचारलं नाही. आज इथे आलेल्यांपैकी चौघींच्या मुली आठवी ते बारावीत आहेत. त्यांना विचारा.

आणि हा कार्यक्रम कुठे जवळ झाला तर त्यांना घेऊन जरूर जा. पांढरा धूर बघून घाबरू नका, गरम झोतात डिझेल सोडलं की तो तसा होतो, आणि त्यात रंग मिसळला की केशरी-हिरवा होतो. दोन विमानं मिळून धुराचं बदाम काढतात, तेव्हा सगळे फोटो काढत असतात. तुम्ही त्याऐवजी नऊ विमानं एकत्र वळतील तेव्हाची वाट बघा. मधल्याकडे बघू नका, सगळ्यात बाहेरच्या विमानावर नजर ठेवा. टोपी आणि पाण्याची बाटली न्या, मान दुखते.