गल्ल्यामागचे दोन मित्र

तात्पुरती म्हणून धरलेली नोकरी कधीकधी आयुष्यभर पुरते. केव्हिन स्मिथ या अमेरिकन दिग्दर्शकानं अशा दोन मित्रांवर १९९४ मध्ये ‘क्लर्क्स’ हा विनोदी चित्रपट काढला. न्यू जर्सीतल्या ज्या दुकानात तो स्वतः नोकरीला होता, तिथंच रात्री दुकान बंद झाल्यावर त्यानं कृष्णधवल चित्रीकरण केलं. दांते आणि रँडल तेव्हा विशीत होते. गिऱ्हाइकांची टिंगल, चावट गप्पा, कामचुकारपणा, सगळं त्या वयाला शोभून गेलं.

२००६ मध्ये ‘क्लर्क्स २’ आला. दुकान आगीत जळालेलं, तिशी उलटलेली, दोघं बर्गरच्या हॉटेलात राबताहेत. विनोद तसाच वाह्यात, पण विशीतली बेफिकिरी आता भीती झाकते आहे. शाळेतला सोबती श्रीमंत होऊन येतो आणि गिऱ्हाईक म्हणून त्यांना हिणवतो, तेव्हा आपलंही हसू थांबतं.

दांते लग्न ठरवून फ्लोरिडाला निघालेला. सासऱ्याकडून घर आणि धंदा मिळणार. अखेर कोठडीत रँडलच्या तोंडून खरं बाहेर पडतं, त्याला मित्र गमवायचा नाही. मग उसन्या पैशांवर दोघं तेच जुनं दुकान विकत घेतात आणि पडदा पुन्हा कृष्णधवल होतो.

कुणी याला माघार म्हणेल. माझे अब्बा आयुष्यभर दुसऱ्याच्या दुकानात कापड मोजत राहिले. संध्याकाळी कुलूप लागायचं, किल्ली शेटजींच्या खिशात जायची. त्यामुळे दांते-रँडलच्या हातातली ती किल्ली मला फार मोठी वाटते.