बर्क : डार्लिंगच्या काठचे एक गाव



आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि गिरणीच्या फाटकावर पुष्कळ झाले. त्यामुळे परक्या गावाविषयी वाचतानाही आम्ही आधी विचारतो, येथे ओझे कोणी वाहिले? आजचे आमचे गाव ऑस्ट्रेलियातील बर्क. सिडनीपासून सुमारे आठशे किलोमीटर आत, डार्लिंग नदीच्या काठी. वस्ती दोन हजारांच्या आसपास. ‘बर्कच्या पलीकडे’ म्हणजे जगाच्या टोकाला, असे त्या देशात म्हणतात.

भूमी मूळची न्गेम्बा आणि बार्किंजी लोकांची. १८३५ साली सर्व्हेअर जनरल मिचेल याने येथे ओंडक्यांची गढी उभारून तिला गव्हर्नर बर्कचे नाव दिले. १८६२ साली गावाची आखणी झाली. मेंढ्यांचे कळप वाढले आणि लोकर वाहायला चाकांच्या आगबोटी आल्या. नदीला पाणी असेल तर बोट चाले; नाहीतर महिनोन्‌महिने चिखलात रुतून बसे. १८८५ साली रेल्वे पोचली. मधला गाळा उचलून बोटींना वाट देणारा १८८३ सालचा पूल आजही पाहायला मिळतो.

१८९२ साली लेखक हेन्री लॉसन येथे आला. जवळच्या टूराल येथे, लोकर कातरण्याच्या शेडमध्ये तो राबला आणि त्या कामगारांचे जिणे त्याने कथांत आणले. १८९४ साली मालकांनी नवा करार पुढे करताच कातरणाऱ्यांनी संप केला. संपफोड्यांना घेऊन येणारी ‘रॉडनी’ बोट त्यांनी याच नदीत, खालच्या अंगाला जाळली. संप मात्र हरला.

येथवर वाचून आमची छाती फुगली होती. मग उंटवाल्यांची हकीकत वाचली. जेथे बोट व रेल्वे जात नसे तेथे अफगाणिस्तान, बलुचिस्तान, पंजाब, सिंध येथील माणसे उंटांवरून माल नेत. पुष्कळसे उंट कराचीहून जहाजात चढले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती. आणि १८९४ सालीच स्थापन झालेल्या ऑस्ट्रेलियन वर्कर्स युनियनने आशियाई कामगारांना दार बंद ठेवले!

त्यांना हसण्याचा अधिकार आम्हांला नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला मज्जाव होता, आणि तो मालकांपेक्षा सोबत्यांनीच अधिक पाळला. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांना हा प्रश्न मांडावा लागला.

बर्कच्या स्मशानभूमीत उंटवाल्यांची पत्र्याची छोटी मशीद आहे. आदिवासींच्या डोळ्यांसाठी झटलेले डॉ. फ्रेड हॉलोज १९९३ साली स्वतःच्या इच्छेने तेथेच विसावले. आपल्यापैकी कोणी त्या गावी गेलेच, तर पूल आणि नदी जरूर पाहावी. पण त्या मशिदीपाशीही दोन मिनिटे थांबावे. आपल्या संघटनेचे दार अजून कोणाला बंद आहे, हा प्रश्न मनाशी घेऊन घरी परतावे, एवढीच विनंती.