ट्रॅक्टरचं मागचं तेल

सालवडहून आम्ही बचत गटातल्या बायका बोलतोय. आज विषय ट्रॅक्टरच्या मागच्या तेलाचा. इंजिनाचं तेल ड्रायव्हर बघतो, ते काळं झालं की बोंब होते. पण सीटखाली, दोन मोठ्या चाकांच्या मधे जो जाड लोखंडी डबा दिसतो, त्याच्या पोटातही तेल असतं. गिअर त्यात बुडून फिरतात. नांगर, रोटाव्हेटर वर उचलणारी लिफ्टही तेलाच्याच दाबावर चालते. हे तेल वर्षानुवर्षं कोणी बघत नाही, कारण ते खराब झालं तरी ट्रॅक्टर चालतच राहतो. बंद पडतो तो एकदम, आणि तोही बहुतेक चिखलणीत.

चिखलणीचे दिवस किती मोजके असतात हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. आवण २१ ते २५ दिवसांचं झालं की ते शेतात जायला हवं. निबर झालं की फुटवे कमी येतात, मग खत घालून काही ते भरून निघत नाही. त्या आठवड्यात लिफ्ट बसली, तर दुसरा ट्रॅक्टर मिळत नाही, सगळे आधीच ठरलेले असतात. गटाने कर्ज काढून जुना ट्रॅक्टर घेतला असेल तर भाडं बुडतं आणि हप्ता मात्र चुकत नाही.

आता तपासायचं कसं. ट्रॅक्टर सपाट जागेवर उभा करा. उतारावर मोजलेलं माप खोटं असतं. मागचं अवजार पूर्ण खाली जमिनीला टेकवा, इंजिन बंद करा, चावी आपल्या कनवटीला. पदर खोचून घ्या, ओढणी असेल तर काढून ठेवा. दहा मिनिटं थांबलं की तेल खाली बसतं. मग मोजायची काडी काढा, फडक्याने पुसा, परत घाला, परत काढा. काडीवर दोन खुणा असतात, तेल त्यांच्या मधे हवं. काही जुन्या ट्रॅक्टरना काडी नसते, बाजूला एक बोल्ट असतो. तो सोडल्यावर भोकाच्या तोंडाशी तेल दिसलं म्हणजे पुरेसं आहे. खुणेच्या वर भरू नका. जास्त झालेलं तेल सील फोडून ब्रेकमध्ये उतरतं.

डंपिंग ट्रॉली असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ट्रॉली उचलायला जे तेल लागतं ते ट्रॅक्टरच्या पोटातूनच जातं. ट्रॉली वर असताना काडी बघाल तर तेल कमीच दिसणार. ट्रॉली खाली उतरवूनच मोजायचं. आणि ती ट्रॉली आज आपल्या, उद्या दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला लागत असेल, तर त्यांचं तेल आपल्यात आणि आपलं त्यांच्यात मिसळतंच. पाइपाच्या तोंडाला लागलेली माती तर दर वेळी आत जाते. जोडण्याआधी दोन्ही तोंडं फडक्याने पुसायची, हे ड्रायव्हरला बजावून ठेवा.

माप झालं, आता रंग बघा. चांगलं तेल पारदर्शक, मधासारखं. काळपट आणि जळका वास म्हणजे जुनं. पण आपल्या भागात सगळ्यात जास्त दिसतं ते तिसरंच, दूध घातलेल्या चहासारखं. याचा अर्थ तेलात पाणी शिरलंय. शंका असेल तर थोडं तेल काचेच्या बाटलीत घेऊन रात्रभर ठेवा. पाणी मोकळं असेल तर सकाळी तळाला वेगळं दिसतं. नुसतं गढूळच राहिलं तरी ते वाईटच, कारण पाणी त्यात घोटलं गेलंय. दूध नासलं की आपल्याला वासावरून कळतं, हे तर डोळ्यांना दिसतं. ते बघायला मिस्त्री कशाला हवा?

पाणी शिरतं कुठून? गिअरच्या दांड्याला रबरी टोपी असते, ती उन्हाने चिरते. पावसात उघडा ट्रॅक्टर उभा राहिला की पाणी दांड्यावरून सरळ आत. हवा जायला छोटी नळी किंवा टोपी असते, ती हरवलेली असते. चाकाच्या आसाची सीलं झिजलेली असतात, आणि चिखलणीत तर अर्धं चाक पाण्यातच. भोक बुजवल्याशिवाय नवं तेल ओतणं म्हणजे पैसे चिखलात घालणं.

तेल कधी बदलायचं? बऱ्याच ट्रॅक्टरच्या पुस्तकात १००० तास किंवा वर्षातून एकदा असं दिलेलं असतं. आपल्या पुस्तकात जो आकडा असेल तो धरा. रिवाज असा की मे महिन्यात सगळी तयारी करताना तेलही बदलतात. आम्हाला ते पटत नाही. चिखलणीत पाणी शिरतं, आणि ते पाणी मग पुढच्या मेपर्यंत बेअरिंगना गंज लावत बसतं. वर्षातून एकदाच बदलायचं असेल तर लावणी आटोपल्यावर बदला. मे महिन्यात फक्त तपासा. मात्र तेव्हाच तेल दुधाळ निघालं, तर थांबू नका.

बदलताना ट्रॅक्टर पंधरा मिनिटं चालवून तेल कोमट करा, म्हणजे गाळासकट बाहेर येतं. कढत नको, हात भाजतो. चाकांना दगड लावा. खालचे नट दोन-तीन असू शकतात, एकच सोडून काम झालं असं समजू नका. काही नटांना आतून लोहचुंबक असतं. त्यावर करड्या मेणासारखा लेप असेल तर ती नेहमीची झीज. लोखंडाचे कण किंवा तुकडे निघाले तर मात्र मिस्त्रीला बोलवा, कारण गिअरचा दात तुटलेला असू शकतो. लिफ्टच्या पंपाची जाळी धुवा, फिल्टर असेल तर नवा घाला. डिझेल ओतून, ट्रॅक्टर चालवून धुवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. डिझेलने वंगण राहत नाही. नवं तेल भरल्यावर इंजिन चालू करून लिफ्ट सात-आठ वेळा वर-खाली करा, मग बंद करून परत काडी बघा. थोडं कमी झालेलं असतं, ते भरा.

तेल कोणतं, यावर दुकानदार दहा गोष्टी सांगेल. हॅरी फर्ग्युसन या आयर्लंडच्या माणसाने १९३६ च्या ट्रॅक्टरात लिफ्टचा पंप ट्रॅक्टरच्या पोटातच बसवला. त्याच घराण्यातल्या जुन्या मॅसी ट्रॅक्टरांत गिअरचं आणि लिफ्टचं तेल एकच असतं. दुसऱ्या काही बनावटींत दोन्ही वेगळी असतात, दोन ठिकाणी भरायची. ब्रेक तेलात बुडालेले असतील तर त्यांना खास तेल लागतं, साधं गिअर ऑइल घातलं की ब्रेक ओरडतात, नीट धरत नाहीत. म्हणून पुस्तकातलं नाव आणि किती लिटर ते कागदावर लिहून दुकानात न्या. आमचा ट्रॅक्टर घेतला तेव्हा विकणाऱ्याने सांगितलेलं तेल आणि आत निघालेलं तेल यांचा काही संबंध नव्हता. सेकंड हँड घेतलात तर पहिल्यांदा सगळं तेल काढूनच टाका.

काढलेलं जुनं तेल वीस-तीस लिटर भरतं. ते ओहोळात, बांधावर, विहिरीजवळ ओतायचं नाही. लाकडाला वाळवीसाठी फासायचं नाही, बैलाच्या जखमेला लावायचं नाही, चुलीत घालायचं नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मोजणीत तारापूरची औद्योगिक वसाहत देशात सगळ्यात प्रदूषित ठरली होती. कारखान्यांच्या पाण्याबद्दल आपण ओरडतो, ते बरोबरच आहे. मग आपला डबा तरी नाल्यात रिकामा होऊ नये. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, पाणी न मिसळता, ज्या गॅरेजमधून परवानाधारक जुनं तेल उचलून नेतो तिथे द्या, आणि तो खरंच नेतो का हे विचारून घ्या.

राहिली वही. ड्रायव्हर बदलतात, ट्रॅक्टर गटाचाच राहतो. म्हणून मागच्या तेलाचं काम गटातल्या दोघींकडे नावाने द्या. हंगामात दर आठवड्याला काडी बघायची आणि तारीख, मीटरचे तास, तेलाचं माप, रंग, एवढंच लिहायचं. हंगाम नसताना महिन्यातून एकदा पुरे.