चाकं टेकण्याआधी



मी सॉफ्टवेअरमधली, तरी आज विमानांबद्दल बोलते. १४ सप्टेंबर २०२३ ला मुंबईत भर पावसात, विशाखापट्टणमहून आलेलं छोटं लिअरजेट उतरताना धावपट्टीबाहेर गेलं. आत आठ जण होते. सुदैवाने सगळे वाचले.

असे अपघात बरेचदा चाकं टेकण्याआधीच सुरू झालेले असतात. नववीतलं गतिज ऊर्जेचं सूत्र आठवा, त्यात वेगाचा वर्ग आहे. चार आसनी सेसना १७२ साधारण ताशी १२० किलोमीटरने उतरायला येतं. तेच १४० ने आलं तर जिरवायची ऊर्जा एक तृतीयांशाहून जास्त वाढते. विमान टेकतच नाही, तरंगत राहतं, खालची पट्टी संपत जाते. वैमानिकाने घाईने नाक खाली दाबलं की पुढचं चाक आधी आपटतं, विमान उसळतं. त्यात आडवा वारा असला तर गेलंच बाजूच्या गवतात!

यावर उपाय जुनाच आहे: गो-अराउंड. इंजिनाला पूर्ण जोर द्यायचा, वर जायचं, फेरी मारून पुन्हा यायचं. प्रत्येक वैमानिकाला हे शिकवतात. तरी ऐनवेळी ‘जमेल की’ वाटतं. आमच्याकडे रिलीजच्या रात्री हेच वाटतं, पण आम्हाला सकाळी जुनं व्हर्जन परत चढवता येतं.

अनेक विमानकंपन्या गो-अराउंडबद्दल वैमानिकाला जाब विचारत नाहीत. छोट्या विमानात मात्र कधीकधी मागे मालकच बसलेला असतो, आणि त्याला मीटिंग गाठायची असते.