कंबोडियाचा धडा : न्याय, स्मृती आणि मैत्री



आपण मैत्री आणि करुणा यांचा नित्य उच्चार करतो. पण ज्यांनी आपली माणसे मारली, त्यांच्याशी मैत्री कशी करावी? कंबोडियातील बौद्ध बांधवांपुढे हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला.

१७ एप्रिल १९७५ रोजी पोल पॉटच्या ख्मेर रूज सैन्याने राजधानी नॉम पेन्ह ताब्यात घेतली. जानेवारी १९७९ पर्यंत उपासमार, वेठबिगारी, रोगराई आणि कत्तल यांत सुमारे १७ लाख माणसे गेली. भिक्खूंची चीवरे उतरविली गेली. विहारांची कोठारे आणि तुरुंग झाले. तुओल स्लेंग या शाळेच्या तुरुंगातून बारा हजारांहून अधिक कैदी मरणाला पाठविले गेले.

हुकूमशाही गेली, पण न्याय लगेच आला नाही. १९९८ साली पोल पॉट आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे उभा न राहताच मेला. त्याच वर्षी दोन बडे नेते शरण आले, तेव्हा खड्डा खणून भूतकाळ पुरून टाकावा, असे पंतप्रधान हुन सेन यांनी सांगितले. ज्यांचे आईबाप खरोखरच खड्ड्यांत पुरले गेले, त्यांना हे कसे मानवावे? अखेर संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने २००६ साली न्यायालयाचे काम सुरू झाले. २०२२ साली शेवटचा निकाल लागला. शिक्षा फक्त तिघांना! पण वाचलेल्यांनी भर न्यायालयात आपले दुःख सांगितले. ते नोंदले गेले, हे आम्हांस मोठे वाटते.

भदंत महाघोसानंद यांचे सारे कुटुंब या काळात नष्ट झाले. तरी १९७८ साली ते थायलंडच्या सीमेवरील निर्वासितांत गेले आणि बांबूची विहारे उभारली. १९९२ साली त्यांनी निर्वासितांसह नॉम पेन्हपर्यंत धम्मयात्रा काढली. त्यांनी सूडाची भाषा केली नाही. आणि चोएंग एकच्या स्तूपात मृतांच्या कवट्या आजही काचेआड जपल्या आहेत. द्वेष सोडणे आणि स्मृती जपणे, या दोन्ही गोष्टी त्या भूमीत एकत्र नांदतात.

म्हणून आमचे नम्र म्हणणे असे की, अपराध्याकडून सत्य वदवून घेतल्याविना क्षमा मागणे म्हणजे पीडितावर दुसरा अन्याय होय. आपल्या धम्मवर्गात मुलांना सम्राट अशोकाबरोबर महाघोसानंदांचीही ओळख करून द्यावी, एवढी विनंती करून आम्ही थांबतो.

नमो बुद्धाय! जयभीम!